जांभळ्या झाडांचा पंचनामा

गल्लीत माणसाचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक असतं. बाकीचा सगळा व्यवहार टोपणनावावर चालतो, आणि टोपणनाव एकदा चिकटलं की ते कातडीबरोबरच निघतं. कोपऱ्यावरच्या घरातल्या निवृत्त बसचालकाला सगळे ‘पंचनामा’ म्हणत. तोंडावर ‘पंचनामाकाका’, पाठ वळली की नुसतं ‘पंचनामा’. काकांना दोन्ही ऐकू यायचं, कारण कान तल्लख होते. राग मात्र एकाचाही यायचा नाही, कारण हे नाव त्यांनी कमावलेलं होतं.

कमावलं ते डेपोत. इतर चालक फेरी संपवून आले की फिटरच्या पुढ्यात किल्ली टाकायचे, “काहीतरी खडखडतंय, बघ रे,” एवढं बोलायचे आणि चहाला पळायचे. काका पळत नसत. फिटरसमोर ताठ उभे राहून सुरू व्हायचे, “तिसऱ्यात टाकली की खडखडते, चौथ्यात नाही. चढावर वाजते, उतारावर गप्प. भरलेली असली की वाजते, रिकामी असली की नाही. डाव्या वळणावर आवाज मोठा, आणि पाऊण रस्ता झाल्याशिवाय तोंड उघडत नाही.” फिटर एकदा वैतागून म्हणाला, “अहो, मी बिघाड विचारला. पंचनामा नाही मागितला!” झालं. त्या दिवसापासून बारसं पक्कं.

पण तोच फिटर पुढे सगळ्यांना सांगायचा, की बाकीच्यांच्या गाडीत आधी चालकाचं खोटं दुरुस्त करावं लागतं, मग गाडी. पंचनामाची गाडी आली की सरळ पाना उचलायचा. कारण काका स्वतःची चूकही त्याच सुरात सांगायचे. “क्लच मी जाळला. उतारभर पाय ठेवून बसलो होतो. लिहा माझ्या नावावर.” असं बोलणारा माणूस डेपोत दुसरा नव्हता. बाकीच्यांचे क्लच आपोआप जळायचे.

आता एवढा गाजलेला माणूस निवृत्त झाल्यावर करणार काय? सकाळी वर्तमानपत्र, दुपारी जेवण, संध्याकाळी डेपोच्या फाटकाबाहेरच्या बाकावर जुन्या चालकांची सभा. त्या बाकावर बसून ही मंडळी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बसचं वळण तपासायची आणि नव्या चालकांना नापास करायची. सभेला काका कधी चुकले नाहीत. मधली दुपार मात्र रिकामी होती, आणि रिकामी दुपार चालकाला चावते.

ती भरली नातीनं. शिकायला परगावी जाताना ती आपला कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत सोडून गेली, आणि जाता जाता त्यात बस चालवायचा एक गेम घालून गेली.

“आजोबा, घाट आहे, प्रवासी आहेत, थांबे आहेत. डिझेल तेवढं लागत नाही.”

“बस काय बोटांनी चालवतात?” आजोबांनी नाक मुरडलं.

नातीनं टेबलाला एक स्टेअरिंग लावून दिलं आणि पायाशी पेडल ठेवली. त्यानंतर नाक कुठे मुरडलं गेलं ते कोणाला दिसलं नाही. मुलगा ऑफिसात, सून शाळेत शिकवायला, बायको त्याच खोलीतल्या पलंगावर दुपारच्या झोपेला, आणि काका घाटात. गेमला बसताना इस्त्रीचा शर्ट घालायचे.

काकू उशीवरून म्हणायच्या, “लग्नातसुद्धा इतके नटला नव्हतात.”

“लग्नात स्टेअरिंग तुझ्याकडे होतं.”

असं सगळं सुखात चाललेलं असताना एका दुपारी झाडं जांभळी झाली.

घाटातला लोखंडी पूल ओलांडला, चढ लागला, आणि डाव्या हाताची झाडं वांग्याच्या रंगाची झाली. मग समोरून काळे त्रिकोण आले, आभाळाला भोसकून उभे राहिले. आरशात पाहिलं तर मागच्या प्रवाशांची डोकी ताणून छपराबाहेर गेलेली. शेवटी रस्ताच गेला. म्हणजे कडेचे दगड जागेवर, पाट्या जागेवर, आणि मधे डांबराच्या जागी रंगीत चौकटींचा बुजबुजाट.

दुसरा कोणी असता तर तसाच रेटत गेला असता. काकांनी शिस्तीत वेग कमी केला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि गाडी बंद केली, म्हणजे अख्खा गेमच. दिसत नसेल तर पुढे जायचं नाही, हा धर्म. मग त्यांनी काकूंना हाक मारली. काकू उठल्या, चष्मा शोधला, तो डोक्यावर सापडला, डोळ्यांवर आणला, आणि पडद्यावर पाहतात तो गेम बंद, नातीचा मांजराचा फोटो.

“मांजर आहे,” काकू म्हणाल्या आणि परत आडव्या झाल्या.

रात्रीच्या जेवणाला काकांनी रीतसर पंचनामा सादर केला. “पुलापर्यंत सगळं ठीक. चढ लागला की डावीकडची झाडं जांभळी. मग प्रवाशांची डोकी छपराबाहेर. मग रस्ता गायब.”

मुलाचा घास हातातच राहिला. हा मुलगा विमा कंपनीत. दिवसभर दुसऱ्यांवर येणाऱ्या संकटांचा हिशोब लावायचा, त्यामुळे घरात कोणाला साधी शिंक आली तरी त्याला पुढची पायरी दिसायची. त्यानं हात धुतले, कॉम्प्युटर लावला, तीच बस, तोच घाट, तोच पूल. झाडं हिरवीगार. रस्ता तेल लावल्यासारखा.

“बाबा, कुठे आहेत जांभळी?”

“आता नाहीत.”

“दुपारी होती?”

“दुपारी होती.”

मुलगा सुनेकडे बघायला लागला. सून आमटीकडे बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. सुट्टीच्या दिवशी सुनेनं खोली आवरली, पांघरुणं कपाटात गेली, मुलगा मुद्दाम वडिलांच्या शेजारी खुर्ची टाकून बसला, तर एक पान वावगं हलेना. सोमवारी पुन्हा जांभळं जंगल. काकांनी पुरावा म्हणून काकूंच्या फोननं फोटो काढला. संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात दाखवला.

“बाबा, हा तुमचा अंगठा आहे.”

“अंगठ्याच्या मागे बघ. जांभळं आहे.”

“अंगठाच जांभळा दिसतोय,” मुलगा म्हणाला, आणि त्याच्या मनात काळजीनं आणखी एक पाय पसरला.

मग डोळ्यांचे डॉक्टर झाले. डॉक्टरांनी दिवे मारून, अक्षरं वाचायला लावून निकाल दिला, “यांची नजर उत्तम. या डोळ्यांनी समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या कपड्यांवरचं लेबल वाचतील.” काकांना वाटलं, सुटलो. पण विमावाल्याचं गणित वेगळं. डोळ्यांत दोष नाही, पडद्यावर दोष नाही, म्हणजे मधे जे उरतं त्यात दोष आहे. त्यानं मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आणि वेळ येईपर्यंतची काळजी म्हणून एका संध्याकाळी, काका बाकाच्या सभेला निघत असताना, दारात उभा राहून हळूच म्हणाला,

“बाबा, घराची किल्ली सध्या माझ्याकडे राहू दे. एकटे नका जाऊ बाहेर. रस्ता ओलांडताना तुम्हाला काही... वेगळं दिसलं तर?”

मुलगा वाईट नव्हता. पण त्यानं कोणाकडे काय मागितलं! ज्या माणसाच्या हातात भरल्या गाडीची किल्ली डेपोनं डोळे मिटून दिली, त्याच्याकडून कडीकुलपाची किल्ली काढून घेतली. काकांनी वाद घातला नाही. खिशातून किल्ली काढून दिली आणि चपला परत फडताळात ठेवल्या. त्या संध्याकाळी डेपोच्या बाकावर एक जागा रिकामी राहिली. दुसऱ्या संध्याकाळीही. गल्लीला तोंड फुटायला एवढं पुरे होतं. नळावर बातमी झाली, पंचनामाला झाडं दिसतात. वाण्याकडे पोचेपर्यंत झाडांना फळं लागली होती, आणि न्हाव्याच्या दुकानात काका त्या झाडांशी बोलायलासुद्धा लागले होते.

काकांना गल्लीचं दुःख नव्हतं. दुःख एकाच गोष्टीचं होतं. जन्मभर त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं, आणि आता पहिल्यांदा त्यांचं सांगणं कोणी धरत नव्हतं.

एक माणूस धरणारं होतं. काकांच्या बहिणीची मुलगी. बाजारात तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. कायम कानावर एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला, त्यामुळे सगळा बाजार तिला स्क्रूताई म्हणायचा. जीभही त्याच अवजारासारखी. मामाचा निरोप मिळाला तशी ती आली.

“काय मामा, म्हातारपणी जंगल लावलंत म्हणे?”

“तू आधी ऐकून घे.”

“सांगा. पण तुमच्या पद्धतीनं सांगा. ‘बिघडलंय’ एवढंच सांगणारी गिऱ्हाइकं मला दिवसभर भेटतात.”

काकांची मान ताठ झाली. त्यांनी घसा खाकरला आणि मांडलं. “सुरू केल्या केल्या कधीच नाही. गाडी चांगली तापल्यावर. सपाटीला कमी, घाटात जास्त. जिथं झाडं, घरं, माणसं दाट तिथं लवकर. मोकळ्या माळावर उशिरा. आधी रंग जातो, मग आकार जातो, मग रस्ता जातो. हा क्रम चुकत नाही.”

भाचीनं कानावरचा स्क्रू-ड्रायव्हर काढून हातात घेतला. हे तिचं लक्ष लागल्याचं लक्षण. “मामा, भ्रम झालेल्या माणसाला क्रम नसतो. बिघाड आहे. शोधू.”

तिनं कॉम्प्युटरचा डबा उचलून दुकानात नेला आणि दिवसभर तोच घाट चालू ठेवला. बाजारातली रिकामटेकडी मंडळी जांभळी झाडं बघायला जमली आणि निराश होऊन परतली. आतली धूळ झटकून, तारा बदलून तिनं डबा परत आणून दिला, तर दुसऱ्या दिवशी मामाचा फोन, “रस्ता गेला.” मग ती सुट्टीच्या दिवशी घरी आली. सुनेनं चहा केला, खोली आरशासारखी लख्ख. भाचीनं डब्याचं तापमान मोजलं. अगदी ठीक. आतले प्रोग्रॅम चाळले आणि म्हणाली,

“मामा, ड्रायव्हर जुना झालाय. तो काढून नवा टाकते.”

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. “तूसुद्धा?”

“अहो, चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला म्हणतात तसं! तुम्हाला कोण काढतंय?”

“मी कधीपासून म्हणतेय,” पलंगावरून काकू, “ऐकतंय कोण?”

नवा प्रोग्रॅम टाकला. गेम लावला. घाट हिरवा. मुलगा दारात हाताची घडी घालून उभा होता. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, अर्थातच, जांभळं.

आता भाचीही गप्प झाली. फोनवर नुसता तिच्या दुकानातल्या पंख्याचा आवाज. काकांनी ती शांतता ओळखली. असंच शांत व्हायचे डेपोतले फिटर, जेव्हा गाडी रस्त्यावर रडायची आणि दुरुस्तीच्या पिटावर आली की शहाण्यासारखी वागायची.

“ऐक,” काका म्हणाले. “असा चकवा देणारी गाडी असली की आमचा मोठा फिटर काय करायचा, ठाऊक आहे? हत्यारं ठेवून द्यायचा आणि तिकीट काढून मधल्या सीटवर बसायचा. प्रवासी म्हणून. कोणाला सांगायचा नाही. कशाला हात लावायचा नाही. चालकाशी बोलायचा नाही. रोज जशी जाते तशी फेरी होऊ द्यायची आणि बघायचं. तू पाहुणी म्हणून येतेस, तिथंच चुकतंय. उद्या प्रवासी म्हणून ये.”

भाची हसली. “तिकीट कितीचं?”

“तोंड बंद ठेवायचं. तेवढंच.”

दुसऱ्या दिवशी ती दुकान शेजाऱ्यावर सोपवून भर दुपारी आली. मुलगा ऑफिसात, सून शाळेत, काकूंचा डोळा नुकताच लागलेला. काकांनी दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि मागची खुर्ची दाखवली. ती बसली. फोनचा कॅमेरा चालू करून मांडीवर उभा धरला.

काकांनी शर्टाची कॉलर नीट केली. खुर्ची पुढे घेतली. आरसा नसलेल्या जागी हात नेऊन आरसा नीट केला. मग पलंगाच्या पायथ्याची जाडजूड गोधडी उचलली, टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर घातली, पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी अशी नीट दाबून बसवली, जशी आई तापलेल्या लेकराला पांघरते. आणि स्टेअरिंगवर हात ठेवले.

मागच्या सीटवरच्या प्रवाशाचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. पण तिकिटाची अट अट होती. शिवाय तिच्या लक्षात एक गोष्ट आली. आता बोललं आणि गोधडी काढली, तर झाडं हिरवीच राहतील आणि मामा जन्माचा खोटा ठरेल. झाडं जांभळी व्हायलाच हवीत. ती खुर्चीच्या कडा धरून बसली. आयुष्यभर लोकांचे बिघाड घालवणारी बाई पहिल्यांदा मनात म्हणत होती, बिघड, बाबा, बिघड.

बस सुटली. थांबे आले, प्रवासी चढले. काका प्रत्येक वळणाला हॉर्न देत होते, तोही हळू, काकू जाग्या होऊ नयेत म्हणून. पूल आला. पूल गेला. चढ लागला. पहिलं झाड हिरवं. दुसरं हिरवं. भाचीच्या कपाळावर घाम. आणि मग कोणी शाईची बाटली लवंडावी तसा डावा डोंगर एकदम जांभळा झाला.

“दिसतंय?” काकांनी पुढे बघतच विचारलं. आवाज अगदी बारीक.

“दिसतंय मामा!” तिकिटाची अट गेली खड्ड्यात. “जांभळी! अहो, सगळी जांभळी! ते त्रिकोण आले बघा! मामी, उठा, डोकी बघा छपराबाहेर!”

काकू धडपडत उठल्या. चष्मा या वेळी डोळ्यांवरच होता. “अगंबाई! खरंच की हो!”

काकांनी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. पण आज गाडी बंद केली नाही. पडद्यावर तुटक्या रस्त्याच्या चौकटी लुकलुकत होत्या, आणि ते त्यांच्याकडे असे बघत होते, जसं कोणी पहिल्या नातवंडाकडे बघावं.

मग भाची टेबलाखाली शिरली, गोधडी उचलली आणि डब्यावर हात ठेवून झटकन मागे घेतला. “मामा, ही कशाला?”

“कशाला म्हणजे? थंड इंजिन ओढायचं नसतं. थंडीत आम्ही बॉनेटवर पांघरूण टाकूनच गाडी गरम करायचो.”

“आणि मग काढायचात ना?”

“सुटताना काढायचो.”

“मग इथं?”

“सुरुवातीला काढत होतो. पण ही म्हणाली, गोधडी असली की घरघर ऐकू येत नाही, झोप छान लागते. म्हणून राहिली.”

काकूंनी चष्म्याची काच पुसायला घेतली.

“मामा, तो डबा श्वास घेतो. घरघर म्हणजे त्याच्या पंख्याचा श्वास. आत चित्र काढणारं कार्ड असतं. तुम्ही त्याचं नाकतोंड दाबून त्याला घाटात पळवत होतात. ते तापलं की त्याला काय काढतोय ते सुधरत नाही. भ्रम त्याला होत होता, तुम्हाला नाही.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “पण दादाला गोधडीचं सांगू नका. व्हिडिओ आहे माझ्याकडे. मी सांगते, आतला एक पार्ट गेला होता, बदलला. कॉम्प्युटरला गोधडी पांघरली म्हटलं की तो म्हणेल, बघा, मी म्हणत नव्हतो? डॉक्टरांची वेळ तशीच राहील आणि किल्लीही.”

काकूंनीही मान हलवली. “ऐका तिचं. एक पार्ट गेला तर कोणाचं काय जातंय?”

काका गोधडीची घडी घालत राहिले.

संध्याकाळी मुलगा आणि सून घरी आले. भाचीनं फोन पुढे केला. मुलानं व्हिडिओ उभ्या उभ्याच पाहिला. डोंगर जांभळा झाला तिथे तो खुर्चीवर बसला. डोकी छपराबाहेर गेली तिथे त्यानं वडिलांकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

“म्हणजे होतं ते,” तो म्हणाला.

“होतंच,” भाची म्हणाली. “त्याचं काय आहे दादा, आतला एक पार्ट—”

“थांब,” काकांनी हात वर केला.

भाचीनं डोळे मोठे केले. काकूंनी काकांच्या पायावर पाय दिला. काका उभे राहिले, अगदी फिटरसमोर राहायचे तसे.

“पार्ट शाबूत आहे. डब्याला हवा मिळत नव्हती, कारण त्याच्यावर गोधडी होती. गोधडी मी घातली. गाडी गरम करायला घातली आणि काढली नाही. रोज घातली. आणि इतक्या वेळा बिघाड सांगितला, त्यात गोधडी सांगितली नाही, कारण ती मला सांगण्यासारखी वाटली नाही. चूक चालवणाऱ्याची आहे. माझ्या नावावर लिहा.”

सुनेनं तोंडावर हात नेला. “बाबा, पण ती गोधडी... कोणी यायचं असलं की मीच घडी करून कपाटात टाकत होते. जुनी झालीय, बरी दिसत नाही चारचौघांत. सुट्टीलाही मीच...” तिचा चेहरा रडवेला झाला.

“म्हणून पाहुण्यांना झाडं हिरवी!” भाची ओरडली. “वहिनी, तू पुरावा धुऊन, घडी घालून कपाटात ठेवत होतीस!”

“आणि संध्याकाळी ती माझ्या पायांवर असायची,” काकूंनी आपला वाटाही देऊन टाकला.

मुलगा सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होता. “म्हणजे या घरात माझ्याशिवाय सगळ्यांना गोधडी माहीत होती.” तो हसेल की चिडेल, सांगता येईना. मग तो भाचीकडे वळला. “माझ्या टेबलासमोर रोज माणसं येतात. कोणाच्याही गाडीची चूक नसते. सगळ्यांच्या गाडीवर झाडच चालत येऊन आदळलेलं असतं. सही करून सांगतात. इतक्या दिवसांत एकही जण म्हणाला नाही, की चूक माझी.” “आणि आमच्या घरात बसलेत हे, आणि मी यांच्या डोक्याचा डॉक्टर शोधत होतो.”

“डॉक्टर चांगला असेल तर तू जाऊन ये,” काका म्हणाले. “वेळ घेतलीच आहेस.”

आता मात्र सगळे हसले. सून डोळे पुसत हसली. मुलानं कपाटाच्या वरच्या कप्प्यातून किल्ली काढली आणि वडिलांपुढे धरली.

काकांनी हात पुढे केला नाही.

“अशी नाही. डेपोत गाडी ताब्यात देणारा आधी तिची हालत सांगतो. खरी खरी. मग घेणारा किल्लीला हात लावतो.”

मुलगा गोंधळला. त्यानं काकूंकडे पाहिलं, तर त्यांनी ‘आता भोग’ अशी मान उडवली. मग तो सरळ उभा राहिला.

“गाडी जुनी. इंजिन उत्तम. दिवे डॉक्टरांनी तपासलेत, तेही उत्तम. हॉर्न गरजेपेक्षा जास्त वाजतो.”

“पुढे.”

“वळणाला हट्टी. मागे घ्यायला फार हट्टी.”

“तो दोष नाही. पुढे.”

मुलानं हातातली किल्ली उलटी सुलटी केली. “गाडीनं बिघाड नीट सांगितला होता. पुन्हा पुन्हा सांगितला. ऐकून न घेता मी ती उभी करून ठेवली. ती चूक माझी.”

काकांनी मुलाच्या कॉलरला हात लावून ती नीट केली, जशी रोज दुपारी स्वतःची करत. मग किल्ली घेतली आणि वरच्या खिशात टाकली. फडताळातून चपला काढल्या. आता बाकावर सभा ऐन रंगात आली असेल, आणि आज विषय सांगणारे तेच होते. पायऱ्या उतरताना त्यांचा खांदा कुठेही वाकला नव्हता, उलट समोरच्या घरातून कोण कोण डोकावतंय ते त्यांनी आपल्या उत्तम नजरेनं टिपून घेतलं.

काकू दारापाशी आल्या. “आज गप्पा लांबणार यांच्या. दार लावून टाकू की उघडं ठेवू?”

“लाव की, आई,” मुलगा म्हणाला. “त्यांच्याकडे किल्ली आहे.”